हात तुमचे, नजर त्यांची: विमानाच्या वार्षिक तपासणीत मालकानं कशी मदत करायची

माझ्याकडे १९७६ सालचं सेसना १७२ आहे. घेतलं तेव्हा त्याच्या पोटात काय आहे याची मला काहीच कल्पना नव्हती. उडवता येत होतं, एवढंच. पहिल्या वर्षी ॲन्युअलसाठी, म्हणजे वार्षिक तपासणीसाठी, विमान सोडून आलो, दोन आठवड्यांनी बिल भरलं आणि परत आणलं. बिलात लिहिलेल्या निम्म्या वस्तू विमानात नेमक्या कुठे असतात, हे मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या वर्षी मी मेकॅनिकना विचारलं, "मी मदतीला आलो तर चालेल का?" ते म्हणाले, "चालेल, पण माझ्या पद्धतीनं." तेव्हापासून दर वर्षी मी चार-पाच दिवस रजा काढतो आणि हँगरमध्ये हात काळे करतो.

अमेरिकेत नव्यानं विमान घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी वैमानिकांसाठी हे लिहितोय. यातले नियम अमेरिकेच्या एफएएचे, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याचे, आहेत. भारतातली व्यवस्था वेगळी आहे, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

आधी कायदा समजून घ्या

नियम सांगतो की मागच्या बारा कॅलेंडर महिन्यांत वार्षिक तपासणी झालेली नसेल तर विमान उडवायचं नाही. "कॅलेंडर महिने" हा शब्द महत्त्वाचा आहे. तपासणी १० मार्चला झाली असेल तर ती पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालते. १ एप्रिल उजाडला की विमान जमिनीवर. मग दुरुस्तीच्या ठिकाणी उडवत न्यायचं असलं तरी एफएएकडून खास परवाना काढावा लागतो.

ही तपासणी कोणी करायची हेही ठरलेलं आहे. नुसता ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन, दोन्हींचा) परवाना असलेला मेकॅनिक शंभर तासांची तपासणी करू शकतो, पण ॲन्युअलवर सही करायला साधारणपणे त्याच्याकडे त्यावरचा तपासणीचा अधिकार (इन्स्पेक्शन ऑथरायझेशन) लागतो. त्या अधिकाराला, आणि तो असलेल्या मेकॅनिकलाही, सगळे 'आयए' म्हणतात. तो अधिकार मिळवायला किमान तीन वर्षं ए अँड पी असावं लागतं, आणि विषम वर्षांच्या ३१ मार्चला त्याची मुदत संपते. म्हणून विषम वर्षाच्या वसंतात नवीन माणसाकडे जाणार असाल तर अधिकार चालू आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

आता तुमचा भाग. नियमाचं कलम ४३.३ दोन वेगवेगळी दारं उघडतं.

पहिलं दार तुमच्या वैमानिक परवान्याचं. तुम्ही विमानाचे मालक असाल, परवाना किमान प्रायव्हेट पायलटचा असेल आणि विमान व्यावसायिक वाहतुकीत वापरत नसाल, तर 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' म्हणून यादीत दिलेली कामं तुम्ही स्वतः करून लॉगबुकात स्वतः सही करू शकता. टायर काढणं-बसवणं, चाकांची बेअरिंग धुऊन ग्रीस भरणं, स्पार्क प्लग साफ करून फट जुळवणं किंवा बदलणं, बॅटरी बदलणं, तेल बदलणं, तुटलेली सेफ्टी वायर किंवा कॉटर पिन बदलणं, सीट काढून बसवणं, दिवे बदलणं ही त्यातली नेहमीची.

दुसरं दार मेकॅनिकच्या देखरेखीचं. त्यांच्या हाताखाली तुम्ही यादीबाहेरचं कामही करू शकता. अट अशी की काम नीट होतंय याची खात्री पटेल इतकं त्यांनी स्वतः पाहायला हवं आणि विचारायला ते प्रत्यक्ष हजर हवेत. फोनवर असणं म्हणजे हजर असणं नव्हे.

आणि त्याच कलमात एक भिंतही आहे: देखरेखीखाली काम करणाऱ्यानं तपासणी करायची नाही. पत्रा तुम्ही उघडा, आतला केबल आयएनंच पाहायचा. "मी बघितलं, ठीक आहे" या तुमच्या वाक्याला इथे काही किंमत नाही, आणि ते वाक्य मानून सही करणाऱ्या माणसाकडे विमान नेऊ नका. हात तुमचे, नजर त्यांची. या लेखात एवढं एकच लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

एक गोष्ट मात्र बऱ्याच नव्या मालकांना ठाऊक नसते. विमान उडण्यालायक ठेवण्याची मुख्य जबाबदारी कायद्यानं मालकावर किंवा ते चालवणाऱ्यावर आहे. मेकॅनिक आपल्या कामापुरता आणि सहीपुरता जबाबदार. मग आपल्या जबाबदारीची वस्तू आतून कशी दिसते, हे एकदा तरी पाहायला नको का?

माणूस शोधणं आणि बोलणी

सगळे मेकॅनिक मालकाला हात लावू देत नाहीत. काहींच्या विम्यात ते बसत नाही, काहींना शिकवत बसायला वेळ नसतो. त्यात वाईट वाटून घेऊ नका. होकार देणारे बहुतेक एकटे काम करणारे असतात. विमानतळावर चार जुन्या मालकांना विचारा, नावं कळतात.

मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी भेटा आणि या गोष्टी कागदावर आणा: तपासणीचे पैसे किती, दुरुस्तीचे वेगळे किती, किती रकमेपर्यंत न विचारता काम करायचं, सुटे भाग कोण मागवणार, तुम्ही कुठल्या दिवशी किती वाजता येणार, हत्यारं कोणाची. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण दुसऱ्याच्या पेटीतला पाना न विचारता उचलणं यासारखी चीड आणणारी गोष्ट हँगरमध्ये दुसरी नाही.

पैसे वाचतात का? थोडे. शंभर स्क्रू काढणं आणि परत लावणं या कामाचे तास बिलातून कमी होतात. पण तुमच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात त्यांचा वेळ जातो, आणि त्याचे पैसे मागणं रास्तच आहे. निव्वळ बचतीसाठी येणार असाल तर येऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. घाई करणारा मदतनीस नसलेला बरा.

कागद आधी, पाना नंतर

खरं तर मालकाची सगळ्यात मोठी मदत घरच्या टेबलावर होते. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेक मालक ते टाळतात.

विमानाची, इंजिनाची आणि पंख्याची (प्रोपेलरची) लॉगबुकं बाहेर काढा. तीन याद्या करा.

पहिली, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची, म्हणजे सगळे ज्याला 'एडी' म्हणतात त्यांची. हे एफएएचे बंधनकारक हुकूम. एफएएच्या संकेतस्थळावर विमानाच्या मॉडेलनुसार शोधता येतात. नुसत्या विमानाचे शोधून थांबू नका. इंजिन, पंखा, मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारं यंत्र), कार्ब्युरेटर यांचेही वेगळे असतात. प्रत्येकापुढे लिहा: लागू आहे का, कधी पूर्ण केला, कुठल्या पद्धतीनं, आणि पुन्हा पुन्हा करायचा असेल तर पुढचा केव्हा. अंतिम पडताळणी आयएच करतील, पण तयार यादी हातात आली की त्यांचे कित्येक तास वाचतात.

दुसरी यादी तारखांची. संकटात संदेश पाठवणारा ईएलटी दर बारा कॅलेंडर महिन्यांनी तपासावा लागतो. त्याची बॅटरी एकूण एका तासाहून जास्त वापरली गेली किंवा तिचं निम्मं आयुष्य सरलं की बदलायची. रडारला उत्तर देणारा ट्रान्सपाँडर चोवीस कॅलेंडर महिन्यांनी, आणि ढगांतून आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या भरवशावर, उडत असाल तर उंची दाखवणारा अल्टिमीटर आणि त्याला बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारी स्टॅटिक यंत्रणाही चोवीस महिन्यांनी. शेवटच्या दोन गोष्टी ॲन्युअलचा भाग नाहीत. ॲन्युअल झालं म्हणजे त्याही झाल्या असं गृहीत धरून वर्षभर उडणारे वैमानिक मी पाहिले आहेत.

तिसरी यादी तुमच्या तक्रारींची. इथे तिला 'स्क्वॉक' म्हणतात. "उजवा ब्रेक कधीकधी मऊ लागतो", "थंडीत सुरू व्हायला वेळ लागतो", "डावीकडे ओढतं, ट्रिम देऊनही". वर्षभर विमानातच एक छोटी वही ठेवा आणि उतरल्यावर लगेच लिहा. तपासणीच्या आदल्या रात्री आठवायला बसलं तर निम्मं आठवत नाही.

शिवाय विमानातले कागद पाहून घ्या: एअरवर्दिनेस सर्टिफिकेट, नोंदणी, उड्डाण-मर्यादांचं पुस्तक, वजन आणि समतोलाचा ताजा तक्ता. नोंदणी आता सात वर्षांची असते, पूर्वी तीन होती, तारीख बघा. आणि विमानात मूळच्यापेक्षा वेगळं जे काही बसवलंय, रेडिओ असो की वेगळा एक्झॉस्ट, त्याची मंजुरी आणि फॉर्म ३३७ (मोठ्या बदलांची नोंद करायचा एफएएचा फॉर्म) सापडतोय का ते पाहा. पन्नास वर्षांच्या विमानात चार मालकांपूर्वी कोणीतरी काहीतरी बसवलेलं असतंच.

धुण्याआधी फोटो

तपासणीपूर्वी विमान आणि इंजिन नीट स्वच्छ केलेलं असावं, असं नियमच सांगतो. हे काम हक्कानं मालकाचं. पण थेट पाइप घेऊन सुटू नका. पोटाखाली तेलाचा ओघळ कुठून सुरू होतो, पंखाखाली निळसर डाग कुठे आहे, रिव्हेटभोवती काळपट धूर कुठे दिसतो, हा सगळा पुरावा आहे. शंभर एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं आणि गळतीच्या जागी निळा डाग ठेवून उडून जातं. रिव्हेटभोवतीचा काळपटपणा म्हणजे ते पत्र्यात हलत असण्याची शक्यता. आधी भरपूर फोटो काढा, आयएना दाखवा, त्यांनी हो म्हटलं की मग धुवा. इंजिन धुताना मॅग्नेटो आणि अल्टर्नेटर झाकून घ्या. वेग मोजणारी पीटो नळी आणि स्टॅटिकच्या भोकांवर पाणी जाऊ नये म्हणून लावलेली चिकटपट्टी भडक रंगाची असू द्या आणि ती लावल्याची नोंद वहीत करा.

उघडणं

पहिल्या दिवशी आयए इंजिन सुरू करून आकडे घेतील: पूर्ण थ्रॉटलला जागेवर किती फेरे, आयडलला किती, दोन्ही मॅग्नेटोंचा उतार (एकच चालू ठेवल्यावर फेरे किती घटतात), तेलाचा दाब, तापमान. शेजारी बसा आणि लिहून घ्या. इंजिन कोमट असतानाच कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती टिकतो ते) घ्यायचं असतं, म्हणून त्यानंतर काउल, म्हणजे इंजिनावरचं आवरण, झटपट काढावं लागतं.

त्याआधी किल्ली काढून डॅशबोर्डवर, बाहेरून दिसेल अशी ठेवा. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्याची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर किल्ली बंद असूनही पंखा हातानं फिरवल्यावर इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. काम संपेपर्यंत पंखा कायम 'जिवंत' आहे असंच समजून वागायचं.

मग तपासणीच्या झाकणांच्या प्लेटा. पंखांखाली, पोटाखाली, शेपटीत, केबिनच्या जमिनीत. यात कौशल्य कमी आणि शिस्त फार. पद्धत अशी:

१. काढण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो.
२. प्रत्येक प्लेटीचे स्क्रू वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव. "डावा पंख, मागची, तिसरी" इतकं स्पष्ट.
३. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नवं असू द्या. झिजलेल्या टोकानं डोकं खराब होतं आणि मग तो स्क्रू ड्रिलनं काढावा लागतो.
४. काढताना मशीन चालेल. लावताना पहिले आटे बोटांनीच.

स्क्रू मिसळू न देण्याचं कारण नीटनेटकेपणापुरतं नाही. एखाद्या ठिकाणी अर्धा इंच लांब स्क्रू बसला तर त्याचं टोक आत कंट्रोल केबलला किंवा तारेला घासू शकतं. बाहेरून सगळं छान दिसतं.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून पाटावर मांडतो, त्या निगुतीनं रोज संध्याकाळी हत्यारं मांडा आणि मोजा. एक जरी कमी असेल तर ती सापडेपर्यंत एकही प्लेट बंद करायची नाही.

स्पार्क प्लग: मालकाचं लाडकं काम

चार सिलिंडरच्या लायकमिंग इंजिनाला आठ प्लग असतात, प्रत्येक सिलिंडरला वर एक आणि खाली एक. आपल्यापैकी अनेकांनी स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरनं घासून परत लावलेला आहे. ती सवय इथे विसरा.

प्लग काढताना लागलीच खुणेच्या ट्रेमध्ये ठेवा: कुठल्या सिलिंडरचा, वरचा की खालचा. कारण प्लगचा चेहरा त्या सिलिंडरची बातमी सांगतो. कोरडा, फिकट तपकिरी असेल तर ठीक. ओलसर तेलकट असेल तर तेल वर चढतंय. काळी काजळी असेल तर मिश्रण जास्त घट्ट, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. खालच्या प्लगमध्ये करडे बारीक मणी सापडतील, ते पेट्रोलमधलं शिसं. तेव्हा हातमोजे घाला आणि जेवणाआधी हात साबणानं धुवा.

शिसं बारीक टोकानं किंवा प्लग साफ करायच्या यंत्रावर काढायचं, आतल्या चिनी मातीला धक्का न लावता. मग फट मोजायची. साध्या जाड इलेक्ट्रोडच्या प्लगला बहुधा ०.०१६ ते ०.०२१ इंच असते, पण तुमच्या प्लगचा आकडा उत्पादकाच्या कागदावर बघूनच धरा. फट कमी करायला बाहेरचा इलेक्ट्रोड हळूहळू आत दाबतात. जास्त दाबला गेला तर उलट वाकवायचा प्रयत्न करू नका, तो प्लग गेला. हातून जमिनीवर पडलेला प्लगही वापरायचा नाही. आतली चिनी माती तडकली तरी ते डोळ्यांना दिसत नाही.

परत लावताना जागा बदलायच्या. खालचे प्लग जास्त घाण होतात हे एक कारण. दुसरं असं की मॅग्नेटोच्या एकामागून एक ठिणग्यांची दिशा उलटसुलट असते, म्हणून एकाच जागी राहिलेल्या प्लगचा एकच इलेक्ट्रोड झिजतो. ठिणगीचा क्रम १-३-२-४ असेल तर एकचा प्लग तीनला, तीनचा दोनला, असं सरकवत खालचा वर आणि वरचा खाली.

तांब्याची वॉशर नवी. आट्यांना खास वंगण थेंबभर, पहिले दोन आटे कोरडे ठेवून. प्लग बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. नाही फिरला तर पाना लावू नका, आटे साफ करा. मग टॉर्क पाना, पुस्तकातला आकडा, लायकमिंगच्या अशा प्लगला सहसा ३५ फूट-पाउंड. प्रत्येक प्लग घट्ट झाला की रंगीत पेननं त्यावर खूण करा.

ही खुणेची सवय मला एका चुकीनं लागली. दुसऱ्या वर्षी मी पाचवा प्लग बोटांनी बसवला आणि घरून फोन आला. बोलून परत आलो आणि सहाव्यापासून सुरुवात केली. पाचवा तसाच, नुसता बोटांनी घट्ट. आयएनी नेहमीप्रमाणे आठही प्लगना टॉर्क पाना लावून पाहिला, तेव्हा तो फिरला. ते काही बोलले नाहीत, पाना माझ्या हातात दिला. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर तो प्लग हवेत सुटला असता. तेव्हापासून काम मध्येच सोडावं लागलं तर दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरू करतो, आणि हँगरमध्ये फोन पिशवीत राहतो.

कॉम्प्रेशन: बघा, ऐका, पंख्यापासून दूर राहा

सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडतात आणि आत किती टिकते ते दुसऱ्या काट्यावर बघतात. ७४ टिकली तर "७४ वर ८०" असं लिहितात. हवा शिरताच पंखा माणसाला फेकून देईल इतक्या जोरात फिरू शकतो. म्हणून पंखा धरण्याचं काम त्यांनी शिकवल्याशिवाय आणि सांगितल्याशिवाय करू नका.

पण कान देऊन ऐका. सुसकारा एक्झॉस्टच्या नळीतून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि तेल भरायच्या तोंडातून येत असेल तर पिस्टन रिंगा. माझ्या लेखी संपूर्ण ॲन्युअलमधला हा सगळ्यात शिकवणारा अर्धा तास आहे. एक आकडा कमी आला म्हणून लगेच सिलिंडर उतरवायचा हट्ट धरू नका. उत्पादकाच्या सूचना काय सांगतात, पुन्हा गरम करून काय येतं, आत बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून काय दिसतं, हे क्रमानं बघतात. तो निर्णय त्यांचा, पण प्रश्न विचारणं तुमचं काम.

तेल आणि फिल्टर

लायकमिंगच्या शिफारशीनं फिल्टर असेल तर ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी तेल बदलायचं. म्हणजे हे काम वर्षातून एकदाच करून भागणार नाही. ॲन्युअलला शिकून घ्या आणि बाकीच्या वेळी स्वतः करा.

तेल गरम असताना सोडा, मधल्या धारेतला नमुना प्रयोगशाळेला पाठवायला बाटलीत घ्या. फिल्टर खास कटरनं कापा, करवतीनं नाही, नाहीतर करवतीचा चुरा आत पडेल आणि इंजिनाच्या नावावर जाईल. आतला कागद उलगडून उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर चुंबक लावा. चिकटले तर लोखंड, नाही चिकटले तर बहुधा ॲल्युमिनियम किंवा इतर धातू. कागद फेकू नका, आयएना दाखवा.

नवा फिल्टर लावून सेफ्टी वायर करायची. तार अशा बाजूनं ओढलेली हवी की फिल्टर सैल होऊ लागला तर ती ताणली जाऊन त्याला घट्टच करेल. पहिल्या वीस तारा जुन्या बोल्टवर सरावाला करा. मी टेबलावर दोन संध्याकाळी तेच केलं.

चाकं

जॅक लावणं मेकॅनिकच्या हाती सोपवा. विमान जॅकवरून घसरलं तर पंख जातो, माणूसही जाऊ शकतो.

चाक सुटल्यावर एक नियम जिवाचा: चाक दोन अर्धुकांचं असतं आणि बोल्टांनी जोडलेलं असतं. ते बोल्ट सैल करण्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढायची. व्हॉल्व्हचा गाभाच काढून टाका. दाबाखाली अर्धुकं सुटली तर ती तोफेसारखी उडतात.

बेअरिंग धुऊन वाळवा, पण कॉम्प्रेसरच्या हवेनं गरगर फिरवू नका. खड्डे किंवा निळसर छटा दिसली तर बाजूला ठेवून विचारा. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. जुन्या वेगळ्या प्रकारच्या ग्रीसमध्ये नवं मिसळायचं नाही. कॉटर पिन दर वेळी नवी. ब्रेकच्या कामाला हात लावण्याआधी आयएना बोलवा.

केबिन

सेसनाच्या मालकांनी इथे खास लक्ष द्यावं. सीट ज्या रुळांवर सरकते त्यातली भोकं आणि सीटच्या पिना झिजतात. उड्डाण घेताना सीट खटकन मागे गेली तर वैमानिक आधाराला नेमकं योकच (विमानाचं स्टिअरिंग) ओढतो आणि विमानाचं नाक वर जातं. यावर एफएएचा पुन्हा पुन्हा तपासायचा एडी आहे. सीट काढणं तुमचं काम, रुळातला कचरा व्हॅक्यूमनं काढणंही तुमचं. भोकं मोजणं त्यांचं. गालिचा उचलल्यावर ओल, गंज, उंदराची घरटी दिसतील. उंदराचं मूत्र ॲल्युमिनियम खातं, म्हणून घरटं सापडलं तर खालचा पत्रा नीट उघडा पाडून दाखवा.

हीटरची गरम हवा एक्झॉस्टच्या मफलरभोवतीच्या कवचातून येते. मफलरला तडा म्हणजे केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड. कवच काढायला मदत करा आणि आयए ते तपासताना शेजारी उभे राहून बघा.

यादी हातात आली की

तपासणी संपल्यावर आयए दोष सांगतात. त्यातले काही उडण्याच्या लायकीशी निगडित, काही "पुढच्या वर्षी बघू" असे. प्रत्येकाबद्दल विचारा: हा कुठल्या प्रकारात मोडतो, आणि का? उत्पादकाचं सर्व्हिस बुलेटिन खासगी वापराच्या विमानाला सहसा बंधनकारक नसतं, एडी असतो. पण बंधनकारक नाही म्हणून बिनमहत्त्वाचं असंही नाही.

मतभेद झाला तर काय? समजा त्यांनी सांगितलेली दुरुस्ती तुम्हाला दुसऱ्याकडून करून घ्यायची आहे. ते "तपासणी पूर्ण, विमान उडण्यालायक नाही" अशी नोंद करून दोषांची सही केलेली यादी तुम्हाला देऊ शकतात. ॲन्युअल तेवढ्यावर पूर्ण मानलं जातं. यादीतली कामं मग कुठलाही योग्य परवान्याचा मेकॅनिक करून सही देऊ शकतो. हे माहीत असलं की कोणालाच अडकल्यासारखं वाटत नाही आणि बोलणं सौम्य राहतं. सही मिळवण्यासाठी गळ मात्र कधीही घालू नका. त्या सहीमागे त्यांची रोजीरोटी आहे आणि तुमच्या घरच्यांचा जीव.

तुम्ही स्वतःच्या परवान्यावर केलेल्या कामांची नोंद तुम्ही करा: काय केलं, तारीख, सही, परवान्याचा क्रमांक आणि प्रकार. देखरेखीखाली केलेल्या कामावर सही त्यांची.

बंद करणं आणि पहिलं उड्डाण

बंद करताना माणूस थकलेला आणि उतावीळ असतो. म्हणून तो दिवस वेगळा ठेवा. पिशव्या, फोटो आणि वही घेऊन एकेक जागा, आणि आयएनी "बंद करा" म्हटल्याशिवाय एकही प्लेट नाही. काउल लावण्याआधी इंजिन चालवून, बंद करून, टॉर्चनं गळती बघा.

पहिल्या उड्डाणाला कोणालाही सोबत घेऊ नका. मुलं कितीही मागे लागली तरी नाही. दिवसा, स्वच्छ हवेत, विमानतळाच्या डोक्यावर. त्याआधीची पाहणी नेहमीच्या दुप्पट वेळ लावून: पीटो-स्टॅटिकवरची चिकटपट्टी निघाली का, इंधनाची झाकणं, तेलाची काठी, सीटचे अडसर. योक डावीकडे फिरवला तर डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर जातंय का हे डोळ्यांनी बघा. "हलतंय" एवढं पुरेसं नाही, योग्य दिशेनं हलतंय का ते पाहायचं. ट्रिमचंही तसंच.

मी अर्धा तास घिरट्या घालतो, उतरतो, काउल पुन्हा उघडतो. आठ प्लगांवरच्या रंगीत खुणा मोजतो, फिल्टरखाली कागदी रुमाल फिरवतो. तो कोरडा निघाला की विमानातल्या वहीचं नवं पान काढून वर तारीख घालतो.